मागचं काढायचं नाही

पंचनदरावांच्या तीन छत्र्या मी हरवल्या. पहिली कोर्टाच्या व्हरांड्यात, दुसरी कुंभकोणमच्या बसमध्ये, आणि तिसरी कुठे ते अजून मला माहीत नाही. तिन्ही वेळा मी मान खाली घालून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि तिन्ही वेळा त्यांनी अगदी तेवढ्याच आश्चर्याने विचारलं, "अरेरे! छत्री हरवली? कशी काय?" माझ्यासारख्या जपून वागणाऱ्या माणसाच्या हातून असं व्हावं, याचा त्यांना प्रत्येक वेळी नव्याने धक्का बसत होता.

तिसऱ्या वेळी त्यांच्या पत्नीला, मामींना, राहवलं नाही. त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "कशी काय म्हणजे? पहिली गेली तशी! दुसरी गेली तशी! ह्या रघूच्या हाती छत्री द्यायची म्हणजे..."

"चौपन्न," पंचनदराव म्हणाले.

मामींनी तोंड मिटलं आणि आत गेल्या. आतून एक भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. भांड्यांना चौपन्न लागू नव्हतं.

चौपन्न म्हणजे जुन्या पुरावा कायद्याचं चौपन्नावं कलम. फौजदारी खटल्यात आरोपी पूर्वी वाईट वागला होता, हे आजच्या आरोपाचा पुरावा म्हणून पुढे करता येत नाही. काल त्याने चोरी केली असेल. आजची त्यानेच केली, हे आजच्या पुराव्यावर दाखवा. मागचं काढायचं नाही. या कलमाला एक छोटंसं शेपूट आहे. त्या शेपटावर मी भर कोर्टात पाय दिला, ती हकिकत पुढे येईलच. मी सांगितली नाही तरी तंजावुरात दुसरा कोणीतरी सांगेल, म्हणून मीच सांगितलेली बरी.

बाकीचे वकील हे कलम कोर्टात वापरून घरी जाताना काळ्या कोटाबरोबर खुंटीला टांगतात. मामांनी ते घरात, अंगणात, देवळात, सगळीकडे लागू केलं होतं. मामा म्हणजे ॲडव्होकेट पंचनदराव. फौजदारी बाजूचे, आरोपीचे वकील; मी त्यांचा ज्युनियर. सगळं कोर्ट त्यांना मामा म्हणायचं आणि त्यांच्या पत्नीला मामी. राजवाड्यामागच्या गल्लीत घर, आणि घराची ओटी हेच ऑफिस. बुटका माणूस, पांढरी वेष्टी म्हणजे लुंगीसारखं धोतर, वर काळा कोट, खिशाला दोन पेनं. त्यांतलं एक लिहीत नसे. ते का ठेवता विचारलं तर म्हणायचे, "मागे लिहीत नव्हतं म्हणून आजही लिहिणार नाही असं कशावरून?" आणि दर सोमवारी कागदावर ओढून बघायचे. ते कधीही लिहिलं नाही. दर सोमवारी त्यांना वाईट वाटायचं.

पक्षकारांशी ते तमिळ बोलायचे, न्यायाधीशांशी इंग्रजी आणि मामींशी आमची, तीनशे वर्षांपूर्वी तंजावुरात येऊन राहिलेल्यांची मराठी. ही आमची मराठी पुण्याच्या माणसाला ऐकवली की तो आधी कान पुढे करतो, मग हळूच विचारतो, "तुम्ही मूळचे कुठले?" मूळचे तिकडचेच हो, फक्त यायला जरा उशीर झाला. मला देवनागरी येते ती वडील नोकरीसाठी काही वर्षं नागपुरात होते म्हणून. मामांना येत नव्हती. हे मी मराठीत लिहितोय याचा एवढा एक फायदा आहे, की ते असते तरी त्यांना वाचून हरकत घेता आली नसती.

त्यांचा सगळ्यात आवडता प्रश्न होता, "कोणत्या दिवशी?"

कोणी म्हटलं, अमका लबाड आहे, की मामा पुढे झुकून विचारायचे, "कोणत्या दिवशी?" सांगणारा गडबडायचा. "म्हणजे... तसा नेहमीच..." "नेहमी हा वार नाही," मामा म्हणायचे आणि दहीभात जेवायला उठायचे. ताकातल्या तळलेल्या मिरच्या असल्याशिवाय तो भात त्यांच्या घशाखाली उतरत नसे. एकदा मामींनी दुधाचं पातेलं नाकाखाली आणून धरलं.

"बघा. तुमचा तो दूधवाला पाणी घालतो."

"कोणत्या दिवशी?"

"रोज!"

"सरि, बरं. मग रोजचा वेगळा आरोप ठेव. सोमवारचा सोमवारी सिद्ध कर."

"आणि तोवर पाणी पिऊ?"

"तोवर कापी कडक कर."

मामींनी कापी, म्हणजे कॉफी, कडक केली. इतकी, की मामा दुपारी डोळा लागायची वाट बघत तीन वाजेपर्यंत बसून राहिले. पण तक्रार त्यांनी केली नाही. केली असती तर कोणत्या दिवशीची, असं मामींनी विचारलं असतं.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे त्यांना स्वतःची स्तुती सहन होत नसे. हा विनय नव्हता, कायदा होता. आता ते शेपूट. आरोपीचं वाईट वागणं पुढे आणता येत नाही, हे खरं. पण आरोपीनेच जर 'मी फार सज्जन' असा पुरावा दिला, तर उत्तरादाखल सरकार पक्षाला त्याचं सगळं मागचं काढायची मुभा मिळते. म्हणून कोणी म्हणालं, "मामा, तुमच्यासारखा माणूस नाही," की ते घाईघाईने हात हलवायचे. "नको नको. दार उघडू नका." आणि हळूच आतल्या खोलीकडे बघायचे. आत मामी असायच्या.

मामींकडे काय काय साठलेलं असेल, याची मला एकदा पुसट कल्पना आली होती. कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका टपालाने आली, मामांनी ती चुकून एका खटल्याच्या फायलीत घातली, आणि लग्न होऊन गेल्यावर ती जामीनअर्जाला टाचलेली सापडली. मामी ओटीवर आल्या.

"टपाल गडप करायची ही सवय आजची नाही तुमची. त्या साली माझं पत्र..."

"चौपन्न," मामा फायलीतून मान वर न काढता म्हणाले.

मामी जराशा उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी भांडं आपटल्याचा आवाज आला नाही. मला वाटलं, भांडी घासून झाली असतील. माणसं ओळखण्यात मी असा तयार आहे.

मामा ज्युनियरला शिकवायचे ते न बोलता. कोर्टात साक्षीदाराला प्रश्न विचारायला मला पुढे उभं करायचे आणि स्वतः मागच्या खुर्चीवर बसून माझ्या कोटाचा काठ हातात धरायचे. एक हिसका म्हणजे पुढचा प्रश्न. दोन हिसके म्हणजे बस. "खटला विचारलेल्या प्रश्नांनी हरत नाहीत रे," ते म्हणायचे, "एक जास्त विचारल्याने हरतात." तीन हिसक्यांचा अर्थ मी एकदा विचारला. म्हणाले, "तीनची वेळ आली तर मी कोट काढूनच घेईन."

मग तंगराजचा खटला आला.

तंगराज हा कालव्याकाठच्या एका गावचा. तरुणपणी तो शेतातले पाण्याचे पंप चोरायचा. तीनदा पकडला गेला, तीनदा शिक्षा भोगली. तिसऱ्यांदा बाहेर आला तेव्हा गोपूअण्णांच्या हाती लागला. गोपूअण्णा म्हणजे आमच्या लोकांत लग्नकार्याचा स्वयंपाक करणारे आचारी; आवाज मोठा, पोट मोठं, मन त्याहून मोठं. त्यांनी सगळं माहीत असून त्याला ठेवून घेतला. आधी नारळ खवायला, मग चिंच कोळायला, आणि चार वर्षांनी त्याच्या हाती रसमाची चूल दिली. गोपूअण्णांनी दुसऱ्याच्या हाती रसम देणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. पोटच्या मुलालाही त्यांनी ते दिलं नव्हतं.

एका लग्नात दुपारची पंगत उठल्यावर मंगल कार्यालयाच्या मॅनेजरने भांडी मोजली, तर एक पितळी तपेलं कमी. साधंसुधं नव्हे, त्यात एक माणूस मांडी घालून बसेल एवढं. पोलीस आले. हवालदाराने स्वयंपाकघरात डोकं घातलं, चुलीपाशी तंगराज दिसला. "अरे, तू इथे?" हवालदार म्हणाला, आणि तपास तिथेच संपला.

मॅनेजरने सांगितलं, तंगराजला मागच्या दाराने गोणी घेऊन जाताना पाहिलं. तपेलं काही सापडलं नाही. तंगराज म्हणाला, मी घेतलं नाही. जामिनावर सुटून तो मामांच्या ओटीवर आला आणि खांबाला टेकून उभा राहिला, बसेना.

"आत जायला मी घाबरत नाही, अय्या," तो म्हणाला. "तिथे सगळे ओळखीचे आहेत. पण ह्या वेळी शिक्षा झाली तर कुठलंही कार्यालय मला दारात उभं करणार नाही. अण्णांना चूल काढून घ्यावी लागेल."

मामांनी त्याला विचारलं नाही, की तू घेतलंस का. पूर्वीचं तर नाहीच नाही. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी रसम कसं झालं होतं?"

तंगराज विचारात पडला. "मिरं थोडं पुढे होतं."

"सरि," मामा म्हणाले आणि वकीलपत्र पुढे केलं.

सरकारी वकिलांच्या बॅगेत त्या तीन जुन्या शिक्षांचे कागद होते. बॅगेतून ते बाहेर काढायची सोय नव्हती, कारण चौपन्न दारात उभं. ते बिचारे दर तारखेला बॅग उघडायचे, कागदांकडे बघायचे आणि पुन्हा बंद करायचे.

गोपूअण्णा सरकार पक्षाचे साक्षीदार होते, कारण चूल त्यांची. त्यांची उलटतपासणी मामांनी माझ्याकडे दिली. आदल्या संध्याकाळी मला समोर बसवून म्हणाले, "दोन प्रश्न. पंगतीपासून मोजणीपर्यंत तंगराज कोठे होता? आणि भांड्यांच्या खोलीची किल्ली कोणाकडे होती? उत्तरं घे. बस."

दुसऱ्या दिवशी मी उभा राहिलो. पहिला प्रश्न. गोपूअण्णा म्हणाले, तंगराज सगळा वेळ माझ्या डोळ्यांसमोर होता, त्याला मी विडा खायलाही सोडलं नाही. मागून एक हिसका. दुसरा प्रश्न. किल्ली? किल्ली मॅनेजरच्या कंबरेला, आम्हाला साधी पळी हवी तरी त्याच्या पाया पडावं लागतं. कोर्टात हसू उठलं. दंडाधिकारीबाईंनी लिहून घेतलं. एवढं सोन्यासारखं उत्तर मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं, आणि त्या उत्तरात माझं काहीही कर्तृत्व नाही, हे लक्षात यायला जो वेळ लागतो तो मी स्वतःला दिला नाही.

मागून दोन हिसके आले.

आता माझी बाजू ऐका. त्या कोर्टातल्या खुर्चीला एक खिळा होता. महिन्यापूर्वी त्याने माझा कोट फाडला होता. कोट ओढला गेला तशी मला वाटलं, खिळाच. मागे न बघता मी हात नेला, कोट सोडवला, आणि पुन्हा अडकू नये म्हणून त्या खिळ्याला एक चापट मारली.

खिळा मऊ लागला. तरीही मला कळलं नाही.

"गोपूअण्णा," मी आवाज चढवून विचारलं, "तंगराज माणूस म्हणून कसा आहे?"

"माणूस?" गोपूअण्णांची छाती फुगली. "सोनं आहे सोनं! जन्मात दुसऱ्याच्या काडीला हात लावला नसेल त्याने!"

आरोपीच्या पिंजऱ्यात उभा तंगराज सवयीने खरं बोलणारा. त्याची मान आपोआप 'नाही, तसं नाही' अशी हलली.

सरकारी वकील उठले. पानावर गोड पायसम पडताना माणसाचा चेहरा जसा होतो, तसा त्यांचा झाला होता. "अम्मा," ते दंडाधिकारीबाईंना म्हणाले, "आरोपीतर्फे चांगल्या वर्तणुकीचा पुरावा आलेला आहे. उत्तरादाखल मला काही कागद दाखल करायचे आहेत." बॅग उघडली. या वेळी ती बंद झाली नाही.

मी मागे वळून पाहिलं. मामा आपल्या हाताची पाठ चोळत होते.

कोर्टासमोरच्या दुकानात आम्ही कापी प्यायला गेलो. मी शिव्यांची वाट बघत होतो. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. ताप उतरायला औषध हवं तशा. मामांनी कापी वरून खाली, वरून खाली ओतून गार केली, घोट घेतला आणि म्हणाले, "आज दूध बरं आहे."

"मामा, माझ्यामुळे..."

"त्या तीन खटल्यांचे निकाल पूर्ण मिळतील कां बघ. नुसती शिक्षा नको. सगळी पानं."

तंगराज बाहेर माझी वाट बघत उभा होता. माझ्यावर ओरडण्याचा हक्क कोणाला असेल तर त्याला. तो म्हणाला, "तंबी," म्हणजे धाकट्या भावा, "वाईट नका वाटून घेऊ. अण्णा असं माझ्याबद्दल बोलतील, मला माहीत नव्हतं. ऐकायला मिळालं." त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मामींनी वांग्याचं गोत्सू केलं तेव्हा गेलं.

निकालांची पानं मी नकलेच्या खिडकीशी चार दिवस उभा राहून मिळवली. मामांनी ती ओटीवर बसून एका दमात वाचली, आणि वाचता वाचता खांदे हलू लागले. मला वाटलं रडताहेत. हसत होते.

युक्तिवादाच्या दिवशी सरकारी वकिलांनी तिन्ही शिक्षा एकेक करून मांडल्या. मग मामा उठले. मी त्यांच्या मागे बसलो होतो, खिळ्याच्या खुर्चीवर, शिक्षा म्हणून स्वतःच निवडलेल्या.

"अम्मा," मामा म्हणाले, "मागचं काढू नये या मताचा मी आहे. पण आता काढलंच आहे तर सगळं काढू. पहिला पंप. पकडला त्याच दिवशी आरोपीने कोर्टात सांगितलं, मी घेतला. दुसरा पंप. सांगितलं, मी घेतला, आणि पोलिसांना न सापडलेली जागा स्वतः जाऊन दाखवली. तिसरा खटला. फिर्याद होती एका पंपाची. आरोपी उभा राहून म्हणाला, एक नाही, दोन घेतले. दुसऱ्या पंपाच्या मालकाला आपला पंप गेल्याचं तोवर माहीतही नव्हतं!"

दंडाधिकारीबाईंनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

"माझ्या विद्वान मित्रांनी या माणसाचा स्वभाव सिद्ध केला, मी त्यांचा आभारी आहे. स्वभाव असा आहे, की हा चोरतो तेव्हा सांगतो. तीनदा केलं, तीनदा सांगितलं. आज आयुष्यात पहिल्यांदा तो म्हणतोय, मी नाही केलं. हे मागचं धरायचं असेल तर पूर्ण धरा. नाहीतर बाजूला ठेवा आणि सांगा, त्या दिवशी किल्ली कोणाच्या कंबरेला होती? आणि एवढं तपेलं त्या गोणीत शिरलं कसं?"

तंगराज सुटला. निकालात बाईंनी सगळा भर किल्लीवर आणि गोणीवर दिला होता. मागच्या शिक्षांचा मी विचार केलेला नाही, असं एका ओळीत लिहिलं होतं. म्हणजे मामांचं ते बोलणं कागदावर कुठेच नाही. मला विचाराल तर तंगराज त्या बोलण्यानेच सुटला. तपेलं कोणी नेलं, ते आजतागायत कळलेलं नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, "ते आपलं काम नव्हे."

आणि माझ्या चुकीबद्दल? एक शब्द नाही. त्या दिवशी नाही, पुढे दहा-बारा वर्षं नाही. मी वाट बघून थकलो. माझ्या हातून नव्या चुका झाल्या (झाल्याच), तेव्हाही त्यांनी त्या जुनीशी जोडून दाखवल्या नाहीत. शेवटी मीच ती गोष्ट वकिलांच्या खोलीत, लग्नात, बसमध्ये सांगत सुटलो. कोणीतरी सांगायला हवी होती.

मग कायदे बदलले. नव्या पुरावा कायद्यात चौपन्नाव्या कलमाला एकोणपन्नासावा नंबर मिळाला. मामांनी तोवर कोर्ट सोडलं होतं, गुडघे गेले होते, पण ही बातमी त्यांना फार लागली. "घर तेच आहे रे," ते म्हणाले, "नुसती दारावरची पाटी बदलली." मामी आतून म्हणाल्या, "कलमसुद्धा पाच वर्षांनी लहान झालं. माणूस तेवढा म्हातारा!" पण घरात शब्द चौपन्नच राहिला.

मामांना ऐंशी पूर्ण झाली. आमच्याकडे ऐंशीचा सोहळा म्हणजे दुसरं लग्नच. कलशांच्या पाण्याने दोघांना स्नान, नवी वस्त्रं, माळांची अदलाबदल, आणि म्हाताऱ्याने म्हातारीच्या गळ्यात पुन्हा मंगळसूत्र बांधायचं. कार्यालय तेच ठरलं, तपेल्याचं. मॅनेजर बदलला होता. आणि स्वयंपाक होता तंगराजचा. गोपूअण्णा थकून घरी बसले होते. अख्खी चूल आता त्याची, हाताखाली दहा माणसं. भांडी मोजायला नवा मॅनेजर निघाला तेव्हा तंगराज म्हणाला, "आधी मोजा. मग मी हात लावतो." एवढंच ते जुनं अंगावर राहिलं होतं.

मंगळसूत्र बांधून झालं. तिसरी गाठ मामींनीच आपल्या हाताने ओढून दिली. पानं वाढायला वेळ होता, म्हणून कोणीतरी माइक माझ्या हाती दिला. बोल, तू त्यांचा शिष्य.

मी मामांच्या खुर्चीपुढेच उभा होतो. वेष्टी नेसलेली, खांद्यावर अंगवस्त्र. मी तंगराजचा खटला सांगितला, छत्र्या सांगितल्या, लोक हसले. आणि लोक हसले की मला थांबता येत नाही.

मागून अंगवस्त्राला दोन हिसके आले.

या वेळी मला कळलं. शप्पथ सांगतो, कळलं. खुर्चीला खिळा नव्हता, तीही मखमलीची होती. पण तो माणूस ऐंशी वर्षांचा झाला होता, आणि एवढी वर्षं त्याने कोणाला आपली स्तुती करू दिली नव्हती. मी अंगवस्त्र हळूच सोडवलं आणि म्हणालो, "मामांइतका सज्जन माणूस मी पाहिलेला नाही. आयुष्यात कोणाला दुखवलं नसेल त्यांनी."

टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्यावर मामी उठल्या. गळ्यात माळ, कपाळाला चंदन, नऊवारी नवी कोरी, नवरीच. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला.

"रघूने चांगल्या वर्तणुकीचा पुरावा दिला," त्या म्हणाल्या. "दार उघडलं. कां हो? उघडलं ना?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दहा-बारा वर्षांपूर्वीची, कोर्टासमोरच्या दुकानातली कापी होती. "उघडलं," ते म्हणाले.

"पहिलं. आमच्या लग्नात होमापुढे बसल्या बसल्या हे झोपले. भटजींनी यांच्या हातात तूप दिलं ते माझ्या पातळावर सांडलं."

"कबूल," मामा म्हणाले.

"दुसरं. तिरुचीच्या स्टेशनावर मला पाणी आणायला पाठवलं आणि फायल वाचत गाडीत बसून निघून गेले. पुढच्या स्टेशनावर आठवलं, की बायको होती."

लोक पोट धरून हसत होते. "कबूल," मामा म्हणाले, "पण उतरलो होतो."

"तिसरं. माझ्या आईने दिलेली जरीची साडी ह्यांनी खुनाच्या खटल्याचे कागद बांधायला वापरली."

"कबूल."

"चौथं." मामी थांबल्या. माइक खाली गेला, मग पुन्हा वर आला. आवाज तोच होता, पण हसू नव्हतं. "लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी शाळेत शिक्षिकेच्या नोकरीसाठी अर्ज केला होता. मुलाखत चांगली झाली होती. शाळेचं पत्र माझ्या हाती कधी आलं नाही. ते तुम्ही ठेवून घेतलंत."

मंडपात कोणी हसलं नाही. मला पत्रिका आठवली, फायल आठवली, आणि तो न आलेला भांड्याचा आवाज.

मामा खुर्चीत सरळ बसले. "नाही," ते म्हणाले. "ते मी नाही केलं."

स्वयंपाकघराच्या दारात तंगराज पळी हातात घेऊन उभा होता. तो तिथूनच तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, तीन कबूल केलीत. चौथ्याला नाही म्हणतात." आणि मग, जरा चाचरत, "ह्याच्यावरच मला सोडलं होतं."

मामींनी त्याच्याकडे पाहिलं, मग मामांकडे.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"तू कधी विचारलंच नाही."

"तुम्ही विचारू दिलंत कोठे!" मामी म्हणाल्या. "तोंड उघडलं की चौपन्न!"

मामा अगदी हळू म्हणाले, पण माइक जवळ होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. "मला वाटायचं, तुला शाळेने घेतलंच नाही. तुला लागेल, म्हणून मी विषय काढला नाही."

"अय्यो," मामी म्हणाल्या. एवढंच. माइक त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या हातात कोंबला आणि मामांशेजारी जाऊन बसल्या. बसताना त्यांच्या गळ्यातली माळ मामांच्या माळेत अडकली. ती दोघांनी सोडवली नाही.

"पानं वाढली," तंगराज ओरडला. रसम फार चांगलं झालं होतं. मिरं थोडं पुढे होतं.

मी मामांना त्या दिवशी शेवटचं पाहिलं. नंतर पावसाळ्याआधीच ते गेले, झोपेत, दुपारी, बोट एका जुन्या फायलीत अडकवून. पण माझ्या डोळ्यांपुढे येते ती कार्यालयाच्या दारातली रिक्षा. दोघांना तंगराजने हाताला धरून आत बसवलं. मामी मामांकडे वळून बसल्या होत्या आणि प्रश्न विचारत होत्या. कोणतं टपाल ऑफिस, कोणता पोस्टमन, त्या दिवशी घरी कोण होतं. मामा उत्तरं देत होते, एकेका तारखेसकट, मधेच "हे आठवत नाही" असंही म्हणत होते, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एवढा खुशीत बसलेला माणूस मी आजवर पाहिला नाही.

मी रिक्षापाशी वाकलो. "मामा, तेव्हा कोर्टात मी तुमचे दोन हिसके..."

रिक्षा सुरू झाली. मामींचा प्रश्न अर्धा राहिला होता म्हणून मामांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. फक्त हात बाहेर काढला, हवेतच माझ्या कोटाचा काठ धरला, आणि दोन हिसके दिले.

या वेळी मी वाक्य तिथेच सोडलं आणि पायरीवर बसलो.